मोतीबिंदूपलीकडचे अंधत्व

मराठी भाषेने चष्म्याच्या एका प्रकाराला माणसाच्या वयाचेच नाव देऊन टाकले आहे. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो आणि ‘त्यांना चाळिशी लागली’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. वर्तमानपत्र हातभर लांब धरले जाऊ लागते, सुईत दोरा ओवण्यासाठी घरातल्या मुलांना हाक मारली जाते, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात. आणि मग एका संध्याकाळी गृहस्थ चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. दुकानातला मुलगा समोरचा तक्ता उजळतो, डोळ्यांवरच्या चौकटीत एकामागून एक भिंगे घालतो, ‘आता बरे दिसते की मघाशी?’ असे विचारतो आणि अर्ध्या तासात नंबर निघतो. ज्याला तेवढी सवड किंवा ऐपत नसते, तो आठवडी बाजारातल्या पथारीवरचे तयार चष्मे डोळ्यांना लावून पाहतो आणि ज्यातून अक्षर दिसेल तो उचलतो. दोघांचेही काम झालेले असते. दोनतीन वर्षांनी नंबर वाढेपर्यंत डोळ्यांचा पुन्हा विचार करण्याचे त्यांना कारण उरत नाही.

या अर्ध्या तासाविषयी थोडे लिहावयाचे आहे. आपल्याकडील असंख्य माणसे आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी डोळे दाखवतात ती याच निमित्ताने. आणि पुढच्या वीसपंचवीस वर्षांत त्यांची दृष्टी हिरावून नेणारे विकार चोरपावलांनी डोळ्यांत शिरू लागतात तेही साधारण याच वयात. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात, परंतु एकीचा दुसरीला पत्ता नसतो.

आमच्या परिचयातील एका शिक्षकांची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. चाळिशी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी पाच वेळा चष्मा बदलला, तोही गावातील एका नामांकित दुकानातून. निवृत्तीच्या वर्षी रस्ता ओलांडताना उजव्या बाजूने आलेली सायकल त्यांना दिसली नाही. मार किरकोळ होता, पण ‘ही सायकल आली कोठून?’ या त्यांच्या वारंवारच्या प्रश्नाने घरच्यांना शंका आली आणि त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे नेण्यात आले. निदान झाले काचबिंदूचे. उजव्या डोळ्याचा मज्जातंतू जवळजवळ निकामी झालेला, डाव्याचा अर्ध्यावर आलेला. आणि आश्चर्य असे की समोरच्या तक्त्यावरची अगदी खालची ओळ ते अजूनही चष्मा लावून घडाघडा वाचत होते! पाच वेळा त्यांचा नंबर काढण्यात आला होता आणि पाचही वेळा तो बिनचूक होता. तेवढ्या अवधीत कोणीही त्यांच्या डोळ्यांच्या आत डोकावून पाहिले नव्हते. तसे कोणी पाहावयास हवे, हे त्यांनाही माहीत नव्हते.

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू हळूहळू नष्ट होतो. बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढलेला असतो, पण पुष्कळदा तो मोजताना नेहमीच्या मर्यादेतही सापडतो. कडेची दृष्टी आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे माणूस नळीतून पाहावे तसे जग पाहत असतो आणि तरीही वाचू शकतो. या विकाराच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. जे गेले ते कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेले सांभाळता येते, आणि ते मात्र नियमित औषधांनी बऱ्याच अंशी सांभाळता येते. भारतात या विकाराचे रुग्ण एक कोटीहून अधिक असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. निरनिराळ्या प्रांतांत लोकवस्तीत जाऊन केलेल्या पाहण्यांत जे रुग्ण सापडले, त्यांपैकी दहांतील सुमारे नऊ जणांना आपल्याला असे काही झाले आहे याची कल्पनाच नव्हती.

हे असे का व्हावे? अंधत्वाच्या बाबतीत आपण उदासीन राहिलेलो नाही. किंबहुना सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ज्या थोड्या गोष्टींचा या देशाने अभिमान धरावा, त्यांत अंधत्वाविरुद्धच्या लढ्याचा समावेश करावा लागेल. १९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रव्यापी कार्यक्रम हाती घेणाऱ्या पहिल्या काही देशांत भारताची गणना होते. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. त्याच्या कितीतरी आधीपासून कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी गावोगाव नेत्रशिबिरे भरवीत हिंडत होते. १९६८ मध्ये तिरुपतीस त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात अशा शिबिरांची परंपरा दानशूर व्यापारी, देवस्थाने, रोटरी आणि लायन्स क्लब यांनी चालविली. शाळेच्या वर्गातील बाके हलवून खाटा मांडलेल्या, व्हरांड्यात हिरव्या पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्यांची रांग, आणि स्वयंसेवकांनी वाढलेली खिचडी, हे दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल.

त्या काळी शस्त्रक्रियेनंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगे लावावी लागत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. १९९४ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि शिबिरातली शस्त्रक्रिया रुग्णालयात आली, डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत रुळली. ही भिंगे परदेशातून आणावयाची तर गरिबाला परवडणार कशी, हा प्रश्न मदुराईच्याच मंडळींनी १९९२ साली ‘ऑरोलॅब’ नावाचा कारखाना काढून सोडविला. आज देशात वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात. यातील कर्तबगारीला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. आज जे दिसते आहे ते असे की, या यशाने आपल्या विचाराला एक वळण लावले आणि त्या वळणावरच आपण थांबलो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा एक प्रसंग असतो. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, आजीला नातवाचा चेहरा दिसतो, ती डॉक्टरांचे पाय धरू पाहते, छायाचित्रकार तयार असतो. देणगीदाराला समाधान मिळते, पुढाऱ्याला व्यासपीठ मिळते, खात्याला आकडा मिळतो. यात कोणाची फसवणूक नाही. आजीला खरोखरच दिसू लागलेले असते. परंतु काचबिंदूच्या रुग्णाची पट्टी कधीच सुटत नाही. त्याला रोज रात्री डोळ्यात थेंब घालावयाचा असतो, दर काही महिन्यांनी तपासून घ्यावयाचे असते, पदरचे पैसे घालावयाचे असतात. आणि सगळे उत्तम झाले तर त्याचे फळ एवढेच की, गेल्या वर्षी जितके दिसत होते तितकेच यंदाही दिसते. कोणता पुढारी या ‘तितकेच’चा सत्कार करणार? स्वतः रुग्णालाही त्याचे महत्त्व पटत नाही. ‘थेंबांनी काही फरक पडत नाही’ असे म्हणून अनेक जण चारसहा महिन्यांत औषध सोडतात, आणि फरक न पडणे हाच त्या थेंबांचा गुण असतो हे समजावून सांगण्यास गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाला वेळ नसतो.

आकड्यांकडे वळू. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्राने २०१५ ते २०१९ या काळात पन्नास वर्षांवरील लोकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात या वयोगटातील शेकडा १.९९ लोक अंध आढळले. संपूर्ण लोकसंख्येला हे प्रमाण ०.३६ इतके पडते. १९७६ च्या कार्यक्रमाने ०.३ हे उद्दिष्ट ठेवले होते, म्हणजे आपण त्याच्या उंबरठ्यावर आलो, असे सांगितले गेले. मात्र दरम्यान मोजपट्टी बदलली होती. चांगल्या डोळ्याने सहा मीटरवरून ज्याला साठ मीटरवरचे अक्षर दिसत नाही तो अंध, अशी आपली जुनी व्याख्या होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी सुसंगती साधण्यासाठी सहाचे तीन मीटर करण्यात आले. निम्म्या अंतरावरून दिसले तरी चालेल, असा त्याचा अर्थ. जे कालपर्यंत सरकारदरबारी अंध होते त्यांतील कित्येक जण असे एका परिपत्रकाने डोळस झाले! तरीही न्यायबुद्धीने हेही सांगावयास हवे की, दोन्ही वेळी तीन मीटरचीच पट्टी लावली तरी पन्नाशीपुढील अंधत्व २००६-०७ मधील शेकडा ३.६ वरून १.९९ वर आले आहे. ही घट खरी आहे आणि ती मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी घडविली आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. ही पाहणी तक्ता दाखवून केली जाते, आणि तक्ता मधली दृष्टी मोजतो. आमचे शिक्षक मित्र त्या पाहणीत सापडले असते तर त्यांची नोंद ‘दृष्टी उत्तम’ अशी झाली असती. दृष्टीचे क्षेत्र फारच आकुंचित झालेल्यासही अंध मानावे असे आंतरराष्ट्रीय व्याख्या सांगते, परंतु घरोघर फिरणाऱ्या पथकाला ते क्षेत्र मोजणे शक्य नसते. त्यामुळे अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूला शेकडा ६६.२ आणि काचबिंदूला ५.५ असा वाटा दिसतो, तो काचबिंदूचे खरे रूप नव्हे. दुसरी एक गोष्ट त्या पाहणीत अशी आहे की तिची चर्चा झाल्याचे आमच्या वाचनात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत हे कारण शेकडा ७.२ अंधांच्या बाबतीत नोंदलेले आहे. म्हणजे त्या मोजणीप्रमाणे काचबिंदूपेक्षा अधिक लोक बरे करण्याच्या प्रयत्नातच अंध झाले. २०१५ साली मध्य प्रदेशातील बडवानी येथे आणि २०२१ साली बिहारमधील मुझफ्फरपूर येथे शिबिरांतील जंतुसंसर्गामुळे अनेक गरीब वृद्धांचे डोळे गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत काही दिवस मथळे आले. पाहणीतले हे लोक मात्र कोणत्याच मथळ्यात नाहीत. किती शस्त्रक्रिया केल्या याचा आकडा दरमहा वर पाठवावा लागतो. त्या डोळ्यांना सहा महिन्यांनी किती दिसते, याचा हिशेब त्याच काटेकोरपणे कोणी मागत नाही.

मध्यंतरी देशात आणखी एक स्थित्यंतर झाले आणि त्याने या प्रश्नाचे स्वरूपच पालटून टाकले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि सुमारे तेरा कोटी साठ लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा रक्तवाहिन्यांचा विकार आहे आणि शरीरातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या ज्या थोड्या ठिकाणी दाट पसरलेल्या असतात, त्यांपैकी एक म्हणजे डोळ्याचा पडदा. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्या झिरपू लागतात, फुगतात, बंद पडतात. मग त्यांच्या जागी नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि एके दिवशी त्यांतून रक्तस्राव होऊन डोळ्यापुढे काळोख दाटतो. रक्तदाब वाढलेला असेल तर हे सारे अधिक वेगाने घडते. देशाच्या दहा राज्यांत व एका केंद्रशासित प्रदेशात केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळिशीपुढील मधुमेहींपैकी साधारण आठांत एकाच्या पडद्याला इजा झालेली आढळली. शंभरांत चौघांची दृष्टीच धोक्यात होती. त्या हिशेबाने सुमारे तीस लाख माणसे आज या कड्याच्या टोकावर उभी आहेत. त्यांतील पुष्कळ जण आज तक्ता नीट वाचतात. काळोख दाटण्याआधीच्या काही वर्षांत लेसर किरणांनी किंवा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी त्यांना वाचविता येते. ती वर्षे ओळखायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

ते ओळखण्याची यंत्रणा आपल्याकडे कागदावर आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आशा सेविका एक तक्ता भरून घेतात. मधुमेह, रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची चाचपणी त्यावरून सुरू होते. त्यात डोळ्यांसंबंधीही विचारणा आहे: अंधुक दिसते का, वाचताना अडचण येते का, डोळे आठवडाभर दुखतात का, लाल राहतात का? प्रश्न सद्‌हेतूने विचारलेले आहेत. परंतु काचबिंदूचा आणि मधुमेही पडद्याचा रुग्ण सुरुवातीच्या वर्षांत या चारही प्रश्नांना प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देणार! तो ‘होय’ म्हणू लागेल तेव्हा बहुधा उशीर झालेला असेल. मोतीबिंदूच्या मापाने शिवलेला अंगरखा आपण या नव्या रोगांना घालू पाहत आहोत. शिवाय मधुमेहाचा कार्यक्रम एका कचेरीत आणि अंधत्वाचा दुसरीत. मधुमेहाच्या दवाखान्यात साखर तपासून गोळ्या मिळतात, डोळ्यांसाठी ‘जिल्ह्याला जा’ अशी चिठ्ठी मिळते. आणि जिल्ह्याला जाण्यात एका दिवसाची मजुरी, बसचे भाडे आणि सोबतीचा माणूस एवढे सगळे जाते. डोळा दुखत नसताना हे कोण करील?

सोबतीचा माणूस, हा शब्द सहज लिहून गेला. पण त्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत पुरुषांतील अंधत्व शेकडा १.६७ आणि स्त्रियांतील २.३१ आढळले. स्त्रियांचे आयुर्मान थोडे अधिक असते, हे त्याचे एक कारण. तेवढ्याने समाधान होण्यासारखे नाही. उपचार का घेतला नाही, या प्रश्नाला आलेल्या उत्तरांत पैशाची अडचण होती, तशीच ‘बरोबर यायला कोणी नाही’ हीही होती. मुलगा कामावर, सून मुलांत गुंतलेली. आणि म्हातारीला तसे काय वाचावयाचे आहे? भाकरी थापण्यापुरते दिसते ना, मग झाले. तिच्या डोळ्यांचे वय तिच्या आयुष्याने वाढविलेले असते. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील माहितीचा अभ्यास करणाऱ्यांना, लाकूडफाटा व गोवऱ्या जाळणाऱ्या घरांत अंशतः अथवा पूर्ण अंधत्वाचे प्रमाण अधिक दिसून आले होते. चुलीच्या धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंध त्यानंतरच्या इतर अभ्यासांतूनही पुढे आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचविली हे चांगले झाले, परंतु सिलिंडर महागला की चूल पुन्हा पेटते हे खेड्यातल्या कोणालाही विचारावे. वयाची साठी गाठलेल्या बाईने तर निम्मे आयुष्य धुरातच काढलेले असते.

बाकीची कारणे वाचकांच्या परिचयाची आहेत आणि त्यांचा विस्तार करण्याची गरज नाही. विडी-सिगारेटने मोतीबिंदू लवकर येतो आणि वार्धक्यात पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. उन्हात राबणाऱ्यांना मोतीबिंदू अधिक होतो. आईवडिलांपैकी वा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता बरीच जास्त असते. आमच्या शिक्षक मित्रांच्या वडिलांना ‘म्हातारपणी दिसेनासे झाले होते’ हे निदानानंतर घरच्यांना आठवले. एका कारणाकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. सांधेदुखी वा दमा यांवर हमखास गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्या बाजाराच्या गावी मिळतात. त्यांत बरेचदा स्टिरॉइड असते. डोळे चुरचुरतात म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेल्या थेंबांतही ते असू शकते. गुण तात्काळ येतो, म्हणून ते वर्षानुवर्षे चालू राहते. आणि त्यातून मोतीबिंदू होतो तसाच काचबिंदूही होतो. हे अंधत्व वयामुळेही आलेले नसते आणि नशिबामुळेही नाही. ते काउंटरवरून विकलेले असते.

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, आणि गेलो तर हात रिकामा परत येत नाही. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याची छायाचित्रे नियमित काढण्याची राष्ट्रीय योजना उभारली. नोकरीधंद्याच्या वयातील लोकांत मधुमेहजन्य नेत्रविकार हे अंधत्वाचे पहिले कारण म्हणून तेथे किमान पन्नास वर्षे ठाण मांडून होते. २००९-१० च्या इंग्लंड व वेल्सच्या नोंदींत ते प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आले. इंग्लंडची श्रीमंती आपल्यापाशी नाही हे खरे. पण केरळापाशीही ती नाही. तेथे ‘नयनामृतम्’ योजनेखाली सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित परिचारिका छोट्या कॅमेऱ्याने मधुमेहींच्या पडद्याचे छायाचित्र घेतात, बहुतेकदा बाहुली मोठी करणारा थेंबही घालावा लागत नाही, आणि ते चित्र दूरवरचे जाणकार पाहून ज्याला गरज असेल तेवढ्यालाच पुढे पाठवतात. नेत्रतज्ज्ञ कमी आहेत ही सबब येथे लटकी पडते. तज्ज्ञाने पाहावयाचे असतात ते शंभरांतले थोडे.

असाच कॅमेरा चाळिशीच्या अर्ध्या तासात का असू नये? काचबिंदूसाठी घरोघर शोधमोहीम काढणे खर्चाच्या मानाने फलदायी नाही, असे पुष्कळ तज्ज्ञांचे मत आहे आणि ते मान्य करण्यासारखे आहे. परंतु येथे शोधमोहिमेची आवश्यकताच नाही. माणूस आपण होऊन दारात आलेला असतो, खुर्चीत बसलेला असतो, डोळे दाखवावयास तयार असतो. पडद्याच्या एका छायाचित्रात मधुमेहाच्या खुणा दिसतात आणि मज्जातंतूची खळगीही दिसते. २०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याने दृष्टितपासनीसांच्या व्यवसायाला प्रथमच वैधानिक चौकट दिली. नंबर काढणाऱ्याने चाळिशीपुढील प्रत्येकाचा दाब मोजावा, पडद्याचे चित्र घ्यावे किंवा घेण्यासाठी पाठवावे, असा दंडक याच चौकटीत बसविता येईल. दुकानदार कुरकुरतील, खर्च ग्राहकावर टाकतील अशी भीतीही खरी आहे. म्हणूनच सरकारी रुग्णालयांतील व ग्रामीण केंद्रांतील नेत्रचिकित्सा साहाय्यकांपासून आरंभ करणे श्रेयस्कर. शासनाच्या हाती दुसरीही एक खिडकी आहे. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते आपल्याकडे कसे मिळते हे वाचक जाणतात. परवाना कचेरीच्या बाहेरच ते मिळते, आणि ते देताना डोळे प्रायः प्रमाणपत्राकडे असतात, अर्जदाराकडे नव्हे.

खरी अडचण पुढची आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. चित्र काढून ज्यांच्यात दोष सापडेल त्यांना पाठवावयाचे कोठे? जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा कोटा पुरा करण्यात गुंतलेल्या डॉक्टरांच्या टेबलावर आणखी शंभर जुनाट रुग्ण नेऊन बसविले, तर दोघांचेही हाल होतील. लेसरचे यंत्र, ते वापरणारा माणूस आणि काचबिंदूचे थेंब महिन्याच्या महिन्याला मोफत देण्याची सोय, ही तीन प्रत्येक जिल्ह्यात उभी केल्याविना तपासणी सुरू करणे म्हणजे लोकांना नुसते भय विकत देणे होईल. यासाठी पैसा लागेल. पण न दिसण्याचाही खर्च असतो आणि तो आपण रोज मोजत आहोत. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील मजुरांना नुसता जवळचा चष्मा दिल्याने त्यांची पानतोडणी वीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. आणि २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत उपचार न झालेल्या दृष्टिदोषाची भर घातली. वार्धक्यातील ज्या विस्मरणाला आपण वयाचा परिपाक समजून गप्प बसतो, त्यातला काही भाग डोळ्यांवाटे येत असावा.

जिल्हे सज्ज होण्यास वर्षे लागतील. मधुमेहाच्या रुग्णांपासून आरंभ करण्यास मात्र ती लागू नयेत. ते आधीच सरकारी नोंदवहीत आहेत, दरमहा गोळ्या न्यावयास येत आहेत. त्यांच्या कार्डावर साखरेचा रकाना आहे, रक्तदाबाचा आहे. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र शेवटी कधी घेतले, हे लिहिण्यासाठी आणखी एका ओळीची जागा त्यावर सहज निघेल.